लाल नसलेली लाल छाती

रात्रीचे साडेदहा. बोटांवरचा रंग अजून निघालेला नाही.

दुपारभर एकच पक्षी रंगवत बसले होते, युरोपातला रॉबिन. नावच 'रेडब्रेस्ट', म्हणून बिनधास्त लाल रंग फासला. बिचारा जखमी दिसायला लागला! फोटो पुन्हा नीट पाहिला, तर छाती चक्क नारिंगी. त्याला हे नाव पडलं तेव्हा इंग्रजीत नारिंगी रंगाला वेगळा शब्दच नव्हता, तो रुळला १६व्या शतकात. तोवर सगळं 'लाल'मध्येच खपून गेलं. पुढे हे नाव जगभर वाटलं गेलं. अमेरिकेतला रॉबिन खरा कस्तुराच्या कुळातला, केवळ तांबूस छातीमुळे रॉबिन झाला. चिरकाला तर इंग्रजीत 'इंडियन रॉबिन' म्हणतात. नराची छाती काळीकुळकुळीत, तांबडेपणा काय तो शेपटीखाली!

मला वाटायचं, एवढा भडक रंग म्हणजे मादीला भुलवायला. पण रॉबिनची मादीही तेवढीच नारिंगी, आणि हिवाळ्यात तीही आपापली हद्द राखून गाते. म्हणजे हा रंग भांडणाचा. १९३०च्या दशकात डेव्हिड लॅक या शाळामास्तरांनी इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये याची गंमत करून पाहिली. रॉबिनच्या हद्दीत त्यांनी छातीच्या पिसांचा नुसता झुपका ठेवला. डोकं नाही, पंख नाहीत, तरी रॉबिन त्याच्यावर छाती फुगवून धावून गेले. उलट भुसा भरलेलं अख्खं पिल्लू ठेवलं, तर त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलंही नाही. कारण पिल्लाची छाती तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची. पहिली पिसं गळून नवी येईपर्यंत नारिंगीचा पत्ता नसतो. मोठ्यांचा मार चुकवायची काय सोय आहे!

(शंकर पक्ष्याच्या गळ्यावरचा निळा तर रंगद्रव्याचाही नाही. पिसाची बारीक रचनाच प्रकाशातला निळा तेवढा परतवते. तो माझ्या डबीतून कसा उतरणार? त्याच्या वाटेला गेलेच नाही.)

लाल छातीचा कागद चुरगळला आणि संध्याकाळी पिल्लूच काढलं. तपकिरी, ठिपक्यांचं, जरासं बावळट. झकास जमलं.

आईने चष्मा लावून पाहिलं. "कोण गं हा?"

"रॉबिन."

"मग रंगवायचा राहिलाय वाटतं."