फिल्टरने गाळलेला पुरावा

चार-पोस्ट रिगवर चाकांखालचे चार हायड्रॉलिक खांब रस्त्याचं सोंग घेतात. वर आमची गाडी, तिला चार एमआर डँपर, म्हणजे चुंबकाने घट्ट-सैल होणारे शॉक अब्सॉर्बर. आतल्या तेलात लोखंडाची बारीक पूड असते. कॉइलला करंट दिला की काही मिलिसेकंदांत डँपर घट्ट, काढला की सैल. तीन कोपरे शहाण्यासारखे वागत होते. मागचा उजवा मात्र शॉक अब्सॉर्बर गेल्यासारखा डुलायचा.

आठवडाभर डँपरलाच शिव्या. पूड तळाला बसली असेल म्हणून तो बदलला, नवाही तसाच. गेन, म्हणजे हुकमाचा जोर, वाढवला; डुलणं राहिलंच, वर धक्के बसू लागले.

आमचं कंट्रोल 'स्कायहुक'चं. कार्नॉप आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडलेलं: बॉडी एका डँपरने आकाशाला टांगली आहे असं समजा. आकाशात खुंटी नाही, म्हणून बॉडी आणि चाकामधल्या डँपरकडूनच ते काम करून घ्यायचं. त्याचा जोर बॉडीच्या हालचालीला आडवा येत असेल तेवढा वेळ तो घट्ट, एरवी सैल. त्यासाठी बॉडीचा वेग लागतो. पेपर लिहिणाऱ्यांना तो आयता मिळतो. आम्हाला त्वरण मोजणाऱ्या सेन्सरचं, अ‍ॅक्सेलरोमीटरचं, इंटिग्रेशन (बेरीज करत वेग काढणं) करावं लागतं, आणि सेन्सरमधला बारीकसा स्थिर ऑफसेट साचत साचत वेग भलतीकडे नेतो. म्हणून आधी हाय-पास फिल्टर: स्थिर भाग गाळायचा, हलता तेवढा पुढे सोडायचा. त्या फिल्टरवर मी महिना घातला होता. लॉगमध्ये फिल्टरनंतरचाच सिग्नल ठेवायचा हट्टही माझाच.

त्या दिवशी एक सैल कनेक्टर बघायला आमचे तंत्रज्ञ गाडीखाली गेले. रिग बंद होती. मल्टिमीटर लावून म्हणाले, "सर, तीन सेन्सरांचं व्होल्टेज मधल्या पातळीच्या वर आहे, या मागच्या उजव्याचं खाली कसं?"

ब्रॅकेटवर जागा नव्हती म्हणून कुणीतरी सेन्सर खालच्या अंगाने, उलटा बसवला होता. बॉडी वर जाताना तो 'खाली' सांगायचा, आणि घट्ट व्हायच्या क्षणी डँपर सैल पडायचा.

गाडी नुसती उभी असतानाही गुरुत्वाकर्षणामुळे दिसणाऱ्या +१ जी ऐवजी तो −१ जी दाखवत होता. माझा फिल्टर नेमकं तेवढंच गाळत होता. आरएमएस (लहरीची सरासरी ताकद) आणि स्पेक्ट्रमला (कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती ताकद) अधिक-उणे चिन्ह कळत नाही. चारही कोपऱ्यांच्या लहरी एकमेकींवर ठेवल्या असत्या तरी दिसलं असतं. मी ठेवल्या नाहीत.

अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शन असतं तर अ‍ॅक्च्युएटरने बाहेरून ऊर्जा ओतून गाडी उधळली असती आणि कुणीतरी लाल बटण दाबलं असतं. आमच्यासारखा सेमी-अ‍ॅक्टिव्ह डँपर ऊर्जा फक्त खातो. चुकीचा हुकूमही निमूट पाळतो. प्रेझेंटेशनमध्ये मी याच गुणाचं कौतुक करत आलोय.

सेन्सर सरळ करायला वीस मिनिटं लागली. तो कुणी बसवला यावर बैठक झाली. फिल्टरबद्दल कुणी काही विचारलं नाही, मीही बोललो नाही.

मागच्या गाडीतही एक कोपरा 'किंचित सुस्त' होता. अहवालात आम्ही ते टायरवर ढकललं. काल ती फाइल उघडली. लहरी ठेवलेल्याच नाहीत, नुसते आरएमएसचे तक्ते आहेत.