तुम्ही विचारलंत म्हणून : लघुपट डोक्यावरून गेला, आता काय?

कोल्हापूरच्या दसरा चौकात शाहू स्मारक भवनापुढं चित्रपट महोत्सवाचे फलक लागले की हा प्रश्न हमखास येतो. "लघुपटांच्या स्लॉटला बसावं का हो? निम्मे तर डोक्यावरून जातात." विचारणारे सिनेमाचे दर्दीच असतात. दोन तासांचा इराणी किंवा कोरियन चित्रपट सबटायटलसह निवांत बघतात आणि बारा मिनिटांच्या लघुपटापुढं मात्र बिचकतात.

तर, बसा. आणि डोक्यावरून जाणारा आला की उठू नका. विचित्र लघुपटाची अडचण त्याच्या विचित्रपणात फारशी नसते. तो संपतो न संपतो तोच पुढचा सुरू होतो, खरी अडचण तिथं असते.

दीड तासाच्या एका स्लॉटमध्ये साधारण सहा-सात लघुपट असतात. ऑस्करच्या नियमात श्रेयनामावली धरून ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट ठरतो, पण महोत्सवांत दिसणारे बहुतेक १० ते २५ मिनिटांचे. मोठा चित्रपट तुम्हाला स्थिरस्थावर व्हायला चांगली पंधरा मिनिटं देतो. गाव कुठलं, कोण कुणाचं काय लागतं, सगळं सांगून मग पुढं सरकतो. लघुपटाला तेवढी सवड नसते. तो मधूनच सुरू होतो आणि बऱ्याचदा मधेच थांबतो. जे सांगितलेलं नसतं ते तुमच्या डोक्यात जुळायला थोडा वेळ लागतो, आणि नेमका तोच वेळ पुढचा लघुपट खाऊन टाकतो. सात बघून बाहेर आल्यावर दोनच आठवतात. मग आपण म्हणतो, बाकीचे कळले नाहीत.

म्हणून श्रेयनामावली वर सरकत असते तो अर्धा-एक मिनिट जपा. फोन काढू नका, शेजाऱ्याला "काय झालं रे शेवटी?" असं विचारू नका. खिशात छोटी वही ठेवा आणि अंधारातच एक ओळ खरडा : नाव, दिसलेली एक गोष्ट, ऐकलेली एक गोष्ट. उदाहरणार्थ, "म्हातारी पिंपात हात घालते, हात बाहेर येत नाही, बाहेर मिक्सर चालू." अर्थ लिहू नका. घाईत लिहिलेला अर्थ बहुतेक वेळा उसना असतो, कुठल्यातरी परीक्षणातून आलेला. नुसतं दिसलेलं आणि ऐकलेलं लिहिलं तर रात्री वही उघडल्यावर पिंप आणि मिक्सर एकमेकांशी बोलायला लागतात. हे प्रत्येक लघुपटाच्या बाबतीत होईल असं नाही. काही फसलेलेच असतात, आणि ते फसलेत हेही त्या ओळीवरून कळतं, कारण लिहायला काही हाताशी नसतं.

बघताना गोष्टीपेक्षा वेळेवर लक्ष ठेवा. एखादं दृश्य हवं त्यापेक्षा जास्त वेळ का थांबलंय? फ्रेंच दिग्दर्शक ख्रिस मार्करचा 'ला जेटे' (१९६२) २८ मिनिटांचा आहे आणि जवळजवळ सगळाच स्थिर छायाचित्रांचा. फोटोमागून फोटो आणि वर निवेदन. मग एका जागी झोपलेल्या बाईच्या चेहऱ्याचे फोटो एकात एक विरघळत जातात आणि ती डोळे उघडून पापण्या मिटते. हलतं दृश्य तेवढं एकच. गोष्ट शोधत बसलेल्या माणसाला ते चुकून दिसतच नाही. चित्र हलत नाहीये हे ज्याच्या अंगात मुरलंय, त्याला ती पापणी हादरवते.

आणि विचित्रपणा बाहेरूनच येतो असंही नाही. आपल्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये, म्हणजे सरकारी पैशात, प्रमोद पती यांनी १९७२ साली 'आबिद' केला. चित्रकार आबिद सुरती एका खोलीत वावरताहेत आणि खोली रंगत चालली आहे. जिवंत माणसाला बाहुलीसारखं एकेका फ्रेमला हलवून चित्रित करायचं, असं ते तंत्र. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. दर फ्रेमला नवी हालचाल धरली तर पाच मिनिटांना ७,२०० वेळा थांबा, सरका, थांबा. बाहुल्यांच्या ॲनिमेशनमध्ये बरेच जण एक स्थिती दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे तेवढ्याच कामात दहा मिनिटं होतात. हे माहीत असलं की धक्के खाणारी हालचाल कच्ची वाटत नाही, त्यामागचा हात दिसायला लागतो. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा असलेल्या गावात, बाबुराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा घडवला त्या गावात, हे वेगळं सांगायला नको.

आता बिघाडाबद्दल, कारण बिघाडाला प्रयोग समजून हॉल गप्प बसतो, असं पुष्कळदा होतं. सगळ्यात नेहमीचा घोटाळा आवाजाचा. फाइव्ह पॉइंट वनच्या, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचा एक अशा रचनेच्या, मिश्रणात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरवर असतात. लघुपट लॅपटॉपवरून लावला, हॉलमध्ये डावा-उजवा असे दोनच स्पीकर असले आणि सगळे ट्रॅक त्या दोघांत नीट उतरवले नसले, तर संगीत, पाऊस, रहदारी सगळं दणदणीत येतं आणि बोलणं गायब होतं किंवा खोल विहिरीतून आल्यासारखं वाटतं. ओठ हलताहेत, सबटायटल पळताहेत आणि आवाज फक्त आजूबाजूचा येतोय, तर लगेच उठून स्वयंसेवकाला सांगा. बारा मिनिटांच्या लघुपटात चार मिनिटं भिडेखातर गेली तर एक तृतीयांश लघुपट गेला. दुसरा घोटाळा चौकटीचा. चारास तीनचं चित्र रुंद पडद्यावर ताणलं की सगळी माणसं जाडजूड आणि बुटकी दिसतात. गाडीचं चाक किंवा ताट बघा. सरळ समोरून घेतलेलं असूनही ते अंडाकृती दिसत असेल तर चूक प्रोजेक्शनची. डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या असणं मात्र बरोबर असू शकतं, त्यावरून तक्रार नको.

बसायची जागा सबटायटल बघून ठरवा. ओळी पडद्याच्या अगदी तळाला येतात आणि पुढच्याचं डोकं नेमकं तिथंच असतं. मधल्या वाटेला लागून, हॉलच्या मध्याच्या थोडं मागं बरं पडतं. दिवसाला लघुपटांचे दोन स्लॉट पुरे, मध्ये एखादा मोठा चित्रपट घ्या. तिसऱ्या स्लॉटला डोळे बघतात, माणूस बघत नाही. आणि दुपारच्या स्लॉटआधी तांबडा-पांढरा ओरपून येऊ नका, संथ लघुपटाचा त्यात काही दोष नसताना पेंग येते. रात्री जेवा की, जेवताना बोलायला विषयही असतो.

उशीर झाला तर दाराशी थांबा आणि चालू लघुपट संपल्यावर आत जा. दहा मिनिटांतली तीन चुकली तर जे उरतं त्यावरून मत बनवणं अन्याय आहे.

दिग्दर्शक हजर असला तर शेवटी प्रश्नोत्तरं होतात. तिथं "यातून तुम्हाला काय संदेश द्यायचा होता?" हा प्रश्न वाया जातो. पोरगं बिचारं गडबडतं आणि पाठ केलेलं काहीतरी बोलतं. वहीतली ओळ काढा आणि तीच विचारा : मिक्सरचा आवाज त्या खोलीतलाच होता का, की नंतर टाकला? हात पिंपात असताना कट का नाही केला? अशा प्रश्नावर माणूस खुलतो. बजेट, नट न मिळणं, पाऊस, एकच दिवस मिळालेलं घर, सगळं बाहेर येतं आणि लघुपट तसा का झाला हे आपोआप कळतं.

शेवटचं म्हणजे, आवडलेल्या लघुपटाच्या दिग्दर्शकाचं आणि संस्थेचं नाव श्रेयनामावलीतूनच टिपून ठेवा. अनेक महोत्सवांना आधी कुठं न दाखवलेले लघुपट हवे असतात, म्हणून करणारे ते वर्ष-दोन वर्षं ऑनलाइन टाकत नाहीत. नुसतं शीर्षक शोधलं तर त्याच नावाचे दहा सापडतात. दिग्दर्शक हॉलबाहेर भेटला तर सरळ विचारा, परत बघायला मिळेल का. कित्येक जण पासवर्डची लिंक पाठवतात. दुसऱ्यांदा बघताना फोनवर बघू नका, घरातला सगळ्यात मोठा पडदा घ्या, दिवे बंद करा आणि हेडफोन लावा.