तुम्ही विचारलंत म्हणून : मल्टीटूल कोणतं घेऊ?

"ताई, तुमच्या कमरेला असतं ते कुठलं? मीपण तेच घेतो."

मी नाटकांचे लाइट बघते आणि कमरेला मल्टीटूल असतं, म्हणजे पक्कड, सुरी असं सगळं एकात मिटवलेलं हत्यार. विंगेत, दौऱ्याच्या बसमध्ये, प्रयोग सुटल्यावर टपरीवर, गेली कित्येक वर्षं हाच प्रश्न. दर वेळी मी "सांगते नंतर" म्हणून विषय टाळते. त्यामुळे मी माहिती दडवते, असंही माझ्या कानावर आलंय. दडवण्यासारखं काहीच नाही. माझ्याकडे लेदरमन कंपनीचं वेव्ह प्लस आहे. वजन २४० ग्रॅमच्या आसपास. उघडलं की प्रत्येक पातं लॉक होतं आणि तार कापायची पाती खराब झाली तर बदलता येतात. हे झालं नाव. पण मी एकदा असंच एकाला "हे घे" म्हणून सांगितलं होतं, आणि त्याचं काय झालं ते ऐकल्याशिवाय माझं उत्तर पुरं होत नाही.

आमच्या लाइटच्या टीममध्ये एक मुलगा होता, सगळ्यात लहान, म्हणून सगळे त्याला धाकट्याच म्हणायचे. नाइटवर, म्हणजे दर प्रयोगामागे मिळणाऱ्या पैशांवर, काम करायचा. माझं टूल त्याला फार आवडायचं. दिव्यापुढच्या रंगीत जेलची फ्रेम बसवायची असली, बाइंडिंग वायर पिळायची असली की हात पुढे करून उभा. माझ्या टूलची किंमत त्याच्या कित्येक नाइट्सएवढी होती, म्हणून त्या दिवाळीला मी त्याला ६०० रुपयांचं एक घेऊन दिलं. दिसायला हुबेहूब. देताना म्हणाले, "तेच आहे रे, फक्त नाव वेगळं."

हे वाक्य मला आजही आठवतं, शब्द न् शब्द.

तीन महिन्यांनी कोकणात दौरा होता. संध्याकाळी ट्रक उतरवत होतो. पेटीला बांधलेली नायलॉनची दोरी वाटेत भिजली होती आणि गाठ दगडासारखी झाली होती. धाकट्याने पातं उघडलं, टोक गाठीत खुपसलं आणि पुढे जोर दिला. पातं उघडं धरून ठेवणारी आतली पत्र्याची पट्टी पात्याच्या बुडाला जेमतेम टेकत होती. ती सरकली. पातं मिटलं, आणि मिटताना मुठीच्या आत असलेल्या तर्जनीवरून गेलं. तो ओरडला नाही. बोटाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, हे वाकत नाहीये." रक्तापेक्षा मला त्या वाक्याची भीती वाटली.

गमछा गुंडाळून त्याला बसच्या ड्रायव्हरबरोबर दवाखान्यात पाठवलं. मी गेले नाही. साडेनऊचा प्रयोग होता, डिमरवर, म्हणजे दिवे कमीजास्त करायला, बसायला दुसरं कोणी नव्हतं, तिकिटं गेलेली होती. मी गेले असते तर तिथे काय करणार होते, डॉक्टर होतेच की, असं मी स्वतःला अनेकदा सांगितलंय. आणि तरीही, पहिल्या अंकातल्या प्रत्येक फेडला माझा हात स्लायडरवर होता आणि त्याचा हात दवाखान्यातल्या टेबलावर होता, हेही खरंच आहे.

बोट वाकवणारी कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी, तुटली होती. शिवून भागणार नव्हतं, मुंबईला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. सहा आठवडे हात पट्टीत, तीन महिने वजन उचलायचं नाही. नाइटवर जगणाऱ्या माणसाला तीन महिने म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. बिल मी भरलं. तर्जनीचं शेवटचं पेर मात्र अजूनही पूर्ण वाकत नाही.

"त्यानेच चुकीचं वापरलं, गाठीत टोक खुपसून जोर द्यायचाच नसतो," असं मला पुष्कळांनी समजावलं. बरोबर आहे. तसा जोर देऊ नये. पण लॉक असतं कशासाठी? हात चुकला तरी बोट वाचावं म्हणूनच ना? टिम लेदरमनने आठ वर्षं खपून १९८३ साली पहिलं टूल विकायला आणलं, त्याच्या सुरीला लॉक नव्हतंच. खिशातल्या बहुतेक लाल स्विस चाकूंनाही नसतं. लॉक नसलेलं पातं माणूस जपून वापरतो. ज्याचं लॉक नुसतं दिसायला असतं, ते विश्वास ठेवायला लावतं आणि मग मिटतं. मी त्याला तसलं दिलं.

म्हणून आता माझ्याकडून एवढंच घ्या. दुकानात सुरी उघडा, बोटं मिटण्याच्या वाटेतून बाजूला ठेवा, आणि पात्याची पाठ लाकडावर हलकेच टकटक आपटा. लॉक जरासंही सरकलं तर ठेवून द्या, नाव कुठलंही असो. पक्कड मिटून उजेडासमोर धरा. टोकं एकमेकांवर नीट बसली पाहिजेत, नाहीतर बारीक तार निसटते. स्प्रिंगची किंवा ब्रेक केबलची तार तिने कापू नका, धारेला खाच पडते. दिवे टांगायच्या क्लॅम्पचे नट तिने पिळू नका, कोपरे गोल होतात, त्यासाठी पाना आहे. आणि वीज चालू असलेल्या लाइनला ती कधीही, कधीही लावू नका. मूठ उघड्या लोखंडाची असते. आपल्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं, आणि घाईत सगळेच विसरतात. कोकणातून आल्यावर उघडून, पुसून तेलाचा थेंब सोडा. स्टेनलेसलासुद्धा खारा वारा लागतो.

पैसे नसतील तर? तर नाशिकच्या टपारियाची पक्कड आणि एक बरा स्क्रू ड्रायव्हर घ्या. हजाराच्या आत होतं, मुठीला प्लास्टिक असतं, आणि त्यात मिटणारं काही नसतं. धाकट्याला मी हेच द्यायला हवं होतं. पण तेव्हा मला वाटलं, साधी पक्कड दिली तर त्याला वाटेल, ताईला आपली किंमत तेवढीच. अजूनही मला नक्की सांगता येत नाही की तो विचार चूक होता. महागडं घे म्हणणं म्हणजे त्याच्या खिशाचा अपमान, साधं घे म्हणणं म्हणजे त्याच्या हौसेचा. आणि हे सगळं सांगणारी मी स्वतः २४० ग्रॅम कमरेला लावून हिंडते, कारण शिडीवर चढल्यावर खाली पेटीपर्यंत परत यायला वेळ नसतो. तुम्हालाही नसतो, हे मला कळतं.

मागच्या महिन्यात हाच प्रश्न धाकट्याने विचारला. आता तो स्वतः दोन नाटकांचे लाइट बघतो, पैसे साठवलेत म्हणाला. "ताई, कोणतं घेऊ?" मी त्यालाही "सांगते" म्हटलं. शनिवारी ठाण्याला प्रयोग आहे. तेव्हा माझं त्याच्या हातात देऊन बघणार आहे, त्या बोटाने ते लॉक सोडवता येतं का ते.