नकाण्याची दिवड : चौथा दिवस

जखमेच्या कडा आज कोरड्या दिसल्या. रविवारी धुळ्याजवळच्या नकाणे तलावाच्या काठी नायलॉनच्या जाळ्यात अडकलेली ही दिवड, म्हणजे पाण्याकाठचा बिनविषारी साप. दोन धागे मानेखाली कातडीत रुतले होते. वनविभागाला त्याच संध्याकाळी कळवलं. पशुवैद्यांनी धागे काढले. जखम भरली की पुन्हा त्याच काठावर सोडायची.

लांबी 84 सेंमी. शेवाळी-पिवळ्या अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन. साप ओळखायला शिकणाऱ्या नवीन मुलांनी मात्र चौकोनांवर विसंबू नये, डोळा बघावा. बाहुली गोल असते. एक काळी रेघ डोळ्याखालून ओठाकडे उतरते, दुसरी डोळ्यामागून जबड्याच्या कोपऱ्याकडे जाते. जाळं कापताना तिने पुढचं अंग उचलून मान चपटी केली, तसे मागून एक बाबा ओरडले, "भाऊ, हाऊ नाग शे!" बिनविषारी दिवड नुसत्या या एका पवित्र्यापायी काठीखाली मरते, हे मला फार लागतं.

आता ठेवण्याबद्दल. गेल्या पावसाळ्यात माझी चूक झाली होती. पाणसाप म्हणून जखमी दिवड टबात दोन बोटं पाण्यात ठेवली. पाचव्या दिवशी तिच्या पोटाच्या खवल्यांखाली फोड आले. पाण्यातला साप पाण्याबाहेर येऊन अंग सुकवतो, तिला तेवढी जागाच मी ठेवली नव्हती. अमेरिकेतल्या कॉटनमाउथ सापाचंही तसंच. तो जहाल विषारी, बाहुली उभी, आ वासला की तोंड आतून कापसासारखं पांढरं. तोही दलदलीतला, पण कायम ओल्या तळावर ठेवला तर त्याचीही कातडी सडते.

या वेळी खोक्यात वर्तमानपत्राचा कोरडा थर, एका कोपऱ्यात लपायला फुटक्या माठाचं खापर, दुसऱ्यात जड मातीचा कुंडा, तिला वेटोळं घालून बुडता येईल एवढा. पाणी सकाळ-संध्याकाळ बदलतो, कागद ओला झाला की लगेच काढतो. खायला काही दिलं नाही, इतक्या दिवसांच्या उपासाने तिचं काही बिघडत नाही. विनाकारण हात लावत नाही.

काल रात्री टॉर्चवर लाल कागद लावून पाहिलं. सगळं अंग कुंड्यात आणि वर फक्त नाकाचं टोक. नाकपुड्या वरच्या बाजूला असण्याचा उपयोग असा समोर दिसला. वीसेक मिनिटांनी ती बाहेर आली, खापराखाली गेली. सकाळी पोट पाहिलं, एकही फोड नाही.

उद्या पुन्हा पशुवैद्यांकडे. त्यांनी हो म्हटलं तर संध्याकाळीच नकाण्याला.