खुर्चीपासून सुरू झालेला शोध

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा न राहण्याची स्थिती, आहे. तिला बोललेले सगळे समजते, वाचताही येते. पण तिचे बोलणे अस्पष्ट आहे आणि हातांवर ताबा राहत नाही. ती नऊ वर्षांची झाली तेव्हा तिला स्वतःचे स्वतः लिहिता यावे म्हणून मी संगणकाच्या साहाय्यक साधनांची चौकशी सुरू केली आणि सुरुवातीलाच मोठी चूक केली. नजरेने चालणारा कॅमेरा एका प्रात्यक्षिकात पाहिला आणि लगेच विकत घेतला. घरी आल्यावर तिची मान सतत हलत असल्यामुळे कॅमेऱ्याला तिचे डोळे सापडेनात, खिडकीतून ऊन आले की तो पार गोंधळून जाई आणि विक्रेत्याकडून "सवय होईल" यापलीकडे उत्तर मिळेना. तो कॅमेरा सात महिने कपाटात पडून राहिला.

त्यानंतर आम्ही एका ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठी उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडे, गेलो. त्यांनी संगणक सुरूच केला नाही. त्या खाली वाकून मुलीचे लोंबकळणारे पाय पाहत राहिल्या. "पाय टेकलेले नसतील तर तिची सगळी ताकद धड सावरण्यातच जाते, मग मानेला आणि हाताला काय उरणार?" असे त्या म्हणाल्या. पायाखाली फळी आणि कमरेला दोन्ही बाजूंनी आधार दिल्यावर तिची मान किती स्थिर झाली, हे मी त्याच दिवशी पाहिले. मूल कसे आहे, ते कुठे बसून काम करते, त्याला नेमके काय करायचे आहे, हे आधी ठरवायचे आणि साधनाचा विचार शेवटी करायचा, हा क्रम जॉय झबाला या अमेरिकी तज्ज्ञांनी मांडलेला आहे. मला तो आधी कोणी सांगितला असता तर आमचे सात महिने वाचले असते.

मग कीबोर्ड आला. ती 'म' दाबायची, पण बोट वेळेवर उचलले जात नसल्यामुळे पडद्यावर 'म'ची रांग लागायची. विंडोजमध्येच असलेली 'फिल्टर कीज' ही सोय सुरू केल्यावर ती रांग थांबली, आणि शेजारची कळ दाबली जाऊ नये म्हणून कीबोर्डवर छिद्रे असलेले झाकण बसवले. तरीही दोन शब्दांतच ती थकून जाई. अखेर खुर्चीच्या डोक्याच्या आधाराला, उजव्या बाजूस, तळहाताएवढे गोल बटण लावले. पडद्यावरच्या कीबोर्डची एकेक ओळ उजळत जाते. हवी ती ओळ आली की ती डोक्याने बटण दाबते, आणि मग त्या ओळीतले अक्षर तसेच निवडते. 'प्र' लिहायला प, हलन्त आणि र अशा तीन निवडी लागतात, त्यामुळे मराठीत लिहिणाऱ्याला शब्द सुचवणारी सोय अत्यावश्यक आहे. आधी प्रत्येक ओळ तीन सेकंद उजळत असे, दीड महिन्याने आम्ही ती वेळ दोन सेकंदांवर आणली.

साधन मिळाले तरी शाळेत ते पिशवीतच राहू लागले, कारण कोणती वायर कुठे जोडायची हे शिक्षकांना कोणी शिकवलेच नव्हते. शेवटी मी पूर्ण जोडणीचा फोटो काढून खुर्चीच्या पाठीवर चिकटवला.

प्रौढांची अडचण वेगळी आहे. माझ्या मोठ्या भावाची दृष्टी चाळिशीनंतर गेली, तेव्हा आम्ही जिथे जिथे विचारले तिथे सगळी व्यवस्था मुलांसाठीच होती. त्याला एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा मोफत प्रोग्राम एका अंध गृहस्थांनी फोनवरून, रोज अर्धा तास देऊन, शिकवला. या प्रोग्रामचे काम 2006 मध्ये सुरू झाले आणि मायकल करन व जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी तो पुढे नेला; त्याच्यासोबत येणारा आवाज मराठीही वाचतो. मात्र युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षरे सर्व संगणकांवर सारखीच ओळखली जावीत यासाठीची प्रमाण पद्धत) न वापरणाऱ्या जुन्या फाँटमधली मराठी कागदपत्रे उघडली की निरर्थक अक्षरे ऐकू येतात. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच पाठवा, अशी विनंती तो प्रत्येकाला करतो.

मुलीची मान दुपारनंतर थकते, असे अलीकडे लक्षात आले आहे. त्यासाठी गुडघ्याजवळ लावायचे दुसरे बटण या वेळी विकत न घेता चार आठवड्यांसाठी वापरायला मागून आणले आहे, आणि ती किती वेळा अचूक दाबते याची नोंद मी रोज संध्याकाळी ठेवते आहे.