जुडीतली मोडकी कांब

संवर्धनासाठी आमच्याकडे आलेल्या या जुडीत किस्सी चलनाच्या वीस लोखंडी कांबी होत्या. त्यातल्या एकीचा कान, म्हणजे टी-आकाराचं टोक, तुटून सुटा झालेला. मागणी होती गंज काढण्याची आणि तुकडा जोडण्याची. तुकडा आम्ही जोडला नाही.

सिएरा लिओन, लायबेरिया आणि गिनी यांच्या सीमाभागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे अनेक दशकं हे चलन चाललं. लोहार कांबीला पीळ द्यायचा, एक टोक ठोकून टी-आकाराचा ‘कान’ काढायचा आणि दुसरं चपटं करून ‘पाय’. ठिसूळ लोखंड असा पीळ सोसत नाही, त्यामुळे धातूचा कस बघताक्षणी कळायचा. कांब मोडली की तिचा आत्मा गेला, असं मानत. ‘झो’ने, म्हणजे धर्मविधी करणाऱ्या जाणत्याने, मोबदला घेऊन विधीपूर्वक ती पुन्हा जोडेपर्यंत ती चलनातून बाद.

म्हणून आधी मोडलेलं तोंड भिंगाखाली पाहिलं. ताजी मोड उजळ, दाणेदार दिसते. इथे मात्र अंगावर होता तसाच घट्ट, तपकिरी गंज मोडीवरही होता, म्हणजे मोड जुनी. इपॉक्सीने कान चिकटवला असता, तर बाद झालेली कांब आम्ही परस्पर चालू करून टाकली असती.

खरी अडचण जुडी बांधणाऱ्या सुती पट्टीची होती. एरवी गंज स्थिर करायला टॅनिक आम्लाचे हात देतात, पण ते सुताला खातं आणि काळे डाग पाडतं. मेणाचा लेप देताना बहुधा लोखंड तापवतात, तेही पट्टीशेजारी नको. गाठ सोडणं आमच्या विचारातही नव्हतं. ती बांधणाऱ्याच्या हातची आहे. तेव्हा सगळं काम कोरडंच. मऊ ब्रशने धूळ काढली आणि सुटे पापुद्रे स्काल्पेलने उचलले. पिळाच्या खाचांतला काळा थर भट्टीतला आहे. तारेचा ब्रश फिरवला की तो जातो आणि घणाचे ठसेही जातात.

लोखंडात क्लोराइड (क्षार) असल्याची खूण, म्हणजे नारिंगी, ओलसर थेंब, कुठेच नव्हते. क्लोराइड असतं, तर आर्द्रता २० टक्क्यांखाली ठेवावी लागली असती आणि तेवढ्या कोरड्या हवेत सूत कडक होतं. आता घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन डब्यात, सिलिका जेलसोबत, ३५ ते ४० टक्के पुरे. तुटका कान त्याच डब्यात वेगळ्या पिशवीत ठेवला आहे. जुडी उचलताना खाली ताट सरकवायचं, कानांना धरायचं नाही.