एकाच पावसाचे दोन ओढे

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मी वनरक्षक आहे. माझ्या बीटातलं, म्हणजे माझ्याकडे राखणीला असलेल्या जंगलातलं पाणी विहार तलावात उतरतं. विहार १८६० साली बांधून झाला आणि आजही मुंबई त्याचं पाणी पिते.

२०२४ मध्ये आमच्या डोंगरात कारवीची झुडपं फुलली. कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. डोंगर जांभळा झाला की बघायला गर्दी लोटते. आमची खरी काळजी पुढच्या उन्हाळ्याची असते, कारण तेव्हा अख्ख्या उतारावर माणसापेक्षा उंच वाळक्या काड्या उभ्या असतात. त्यात एक विडी पडली तरी पुरे. इथे वणवा आपोआप लागत नाही, कुणीतरी लावतो तेव्हाच लागतो.

२०२५ च्या मार्चमधल्या एका दुपारी तो लागला. हिरव्या फांद्यांनी झोडपत झोडपत अंधार पडेपर्यंत आम्ही झुंजलो. डोंगराच्या सोंडेवर थंडीत काढलेली जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळी ठेवलेली पट्टी होती, तिथे आग अडली. त्यामुळे सोंडेची एक बाजू पूर्ण काळी झाली आणि दुसरी जशीच्या तशी राहिली.

त्या वर्षी मान्सून २६ मेलाच मुंबईत आला, जूनची वाटही न बघता. जळक्या उताराला अजून आडोसा करायचा होता. पहिल्या मोठ्या पावसाचा जोर ओसरताच आमचे वनमजूर काका आणि मी वर गेलो. काका पाड्यावरचे वारली, या डोंगरातच वाढलेले.

जळक्या बाजूच्या ओढ्याला काळं, दाट पाणी होतं. काठी टेकवली तर गाळात रुतली. पाऊस थांबल्यावर बघता बघता धार बारीक झाली. वर ठिकठिकाणी ओघळी पडून खालचा मुरूम दिसत होता. इथे काळ्या कातळावर मातीचा थर मुळातच पातळ. तो एकदा वाहून गेला की परत बनायला पिढ्या जातात.

सोंड ओलांडून पलीकडे गेलो. तिथल्या ओढ्यात तळाचे खडे दिसत होते. पाण्याला घाई नव्हती आणि पाऊस थांबला तरी धार तशीच होती. काकांनी उतारावरचा पालापाचोळा हाताने बाजूला केला. वरची पानं निथळत होती, त्यांच्याखाली कुजकी पानं, त्यांना धरून बुरशीचे पांढरे धागे, आणि त्याखाली भिजलेली मऊ माती. थेंबाचा मार पानांवर बसतो, पाणी हळूहळू मुरतं, कातळाच्या भेगांतून खाली जातं आणि पाऊस संपल्यावरही झऱ्यातून येत राहतं.

काका म्हणाले, "तो डोंगर पाणी प्यायलाच नाही मॅडम, नुसता धुतला गेला."

दोन्ही ओढ्यांचं पाणी मी रिकाम्या बाटल्यांत भरून घेतलं. सकाळपर्यंत एका बाटलीच्या तळाशी दोन बोटं गाळ बसला होता. हा गाळ शेवटी तलावात जातो आणि तेवढी पाण्याची जागा खातो. शिवाय विहार भरून वाहिला की ते पाणी मिठी नदीला मिळतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मिठीकाठाने काय भोगलं, ते मुंबईकराला सांगायला नको. पावसाचं पाणी डोंगर किती थोपवून धरतो, हा शहराच्या जिवाशी असलेला प्रश्न आहे.

त्या बाटल्या मी साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. जळक्या उतारावर रोपं लावायला एक गट तयार होता, खड्डे कधी खणायचे एवढंच विचारत होता. माझं म्हणणं होतं की तिथे कुदळ लावूच नये. उरलीसुरली माती मोकळी होईल आणि तीही जाईल. बांबू, पळस यांची मुळं जिवंत आहेत, ती आपसूक फुटतील. कारवीचं बी शेजारून येईल. आपण फक्त ओघळी बांधायच्या आणि गुरं व आग लांब ठेवायची. साहेबांना पटलं.

पाड्यावरच्या माणसांना घेऊन आम्ही ओघळींत दगड रचले, त्यामागे जळक्या काड्यांच्या मोळ्या आडव्या दाबल्या. रोपंवाल्यांना निरोप धाडला की खड्डे नकोत, दगड वाहायला या. त्यातले काही आले, आणि पावसात भिजत दिवसभर राबले.